स्विफ्टचा मूळ ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे वाइडबँड लावावा का?

बोरघाट

नमस्कार मंडळी,

गाडी २००८ ची स्विफ्ट पेट्रोल, जुन्या १.३ च्या जी१३ इंजिनची. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) कंपनीचाच, त्याला कुणी हात लावलेला नाही. मूळ मॅनिफोल्ड काढून ४-२-१ हेडर (बाहेरून घेतलेला एक्झॉस्टचा पाइपसंच) बसवला आहे. ४००० आरपीएमच्या वर गाडी मोकळी पळते, पण तिथे हवा-पेट्रोलचं मिक्स्चर नेमकं काय आहे हे काही केल्या कळत नाही. गॅरेजच्या स्कॅनरवर पाहिलं तर ऑक्सिजन सेन्सरचा आकडा क्रूझिंगला ०.१ ते ०.९ व्होल्ट असा नाचत राहतो आणि फुल रेस दिली की ०.८८ ला जाऊन चिकटतो. रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, आहे एवढं समजलं. किती रिच, ते नाही.

एका मित्राने त्याची गाडी विकल्यावर त्याचं इनोव्हेट एलसी-२ हे वाइडबँड किट (मिक्स्चर किती रिच ते आकड्यात सांगणारं) मला देऊन टाकलं, बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरसकट. कंट्रोलरला दोन आउटपुट आहेत. तपकिरी तारेवर ० ते ५ व्होल्ट, आणि पिवळीवर नॅरोबँडची, म्हणजे मूळ सेन्सरसारख्या सिग्नलची, नक्कल. हेडरवर सेन्सरचा नट एकच वेल्ड केलेला आहे. म्हणून बेत असा की मूळ सेन्सर काढायचा, त्या जागी वाइडबँड, पिवळी तार ईसीएमच्या सिग्नलला आणि तपकिरी गेजला. आटे दोन्हीचे एकच, एम१८ बाय १.५, त्यामुळे बसायला अडचण नाही.

कुणी केलंय का? चेक इंजिन पेटेल का? आणि वाइडबँड जास्त अचूक असल्याने अ‍ॅव्हरेज किंवा पिकअपमध्ये काही फरक पडेल का?

निवांत_चालक

वाखू (वाचनखूण) साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ग्रीसचेहात

बोरघाटराव, चालतंय की. कोल्हापुरात अशा दोन-तीन गाड्या हाताखालनं गेल्यात. पण दोन ठिकाणी घोडं अडतं, ते आधी ऐका.

पहिलं हीटर. तुमच्या मूळ सेन्सरला चार तारा असणार. दोन हीटरच्या, एक सिग्नलची आणि एक सिग्नलच्या अर्थची. रंगांवर विसंबू नका. बॉशमध्ये हीटरच्या दोन्ही पांढऱ्या असतात, सिग्नल काळी आणि अर्थ करडी. डेन्सोमध्ये काळ्या दोन तारा हीटरच्या, सिग्नल निळी. काळी म्हणून सिग्नल समजून जोडली की बारा वाजले. सेन्सर काढला की हीटरमधनं करंट जात नाही हे ईसीएमला कळतं आणि तो पी०१३५ हा दोषाचा कोड टाकून लाइट पेटवतो. काही गाड्यांत तेवढ्यावर क्लोज्ड लूपच (सेन्सर बघून पेट्रोल ठरवणं) बंद होतं. मग तुम्ही पिवळ्या तारेवर कितीही गोंडस सिग्नल द्या, ऐकायला कोण बसलंय तिथं?

उपाय म्हणजे हीटरच्या जागी तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर. किती ओहम ते इथं कुणी छातीठोक सांगितलं तरी ऐकू नका, सेन्सर थंड असताना काढून स्वतः मल्टिमीटर लावा. ६ ओहम आले तर १३.८ व्होल्टला जवळजवळ ३२ वॅट होतात, ९ आले तर २१. रेडिओच्या दुकानातला पाव वॅटचा बारका रेझिस्टर लावलात तर धूर निघणार. सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या खोळीतला ५० वॅटचा वायरवाउंड मिळतो तो घ्या, आणि बॉडीच्या पत्र्याला बोल्टनं आवळून बसवा. पत्र्यानं उष्णता ओढून घेतली तरच तो ५० वॅटचा, नाहीतर नुसता नावाला. हार्नेस आणि प्लॅस्टिकपासनं लांब ठेवा, चांगला चटका बसतो.

काहीजण जुना सेन्सर कपलरला तसाच जोडून बॉनेटमध्ये कुठंतरी टायनं बांधून ठेवतात, हीटर चालू राहावा म्हणून. मी असल्या गाडीला हात लावत नाही. आतला हीटर तापलेला आणि शेजारी पेट्रोलचा पाइप, कशाला नसते उद्योग.

दुसरं अर्थिंग. कंट्रोलरची अर्थ डॅशबोर्डखाली मिळेल त्या स्क्रूला आणि ईसीएमची अर्थ इंजिनवर, असं केलंत की फॅन किंवा एसी चालू झाल्यावर दोन्ही अर्थमध्ये ५०-१०० मिलिव्होल्टचा फरक सहज पडतो. कंट्रोलरच्या सिग्नलची अर्थ ईसीएमच्या सेन्सर अर्थच्या ठिकाणीच न्या.

मधुरा_कॅल

ग्रीसदादांचं वायरिंग बिनचूक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे: हे करायचंच कशाला? (मी चाकणला इंजिन कॅलिब्रेशनमध्ये आहे, त्यामुळे थोडं लांबण लावते, सांभाळून घ्या.)

तुमचा मूळ सेन्सर झिर्कोनियाचा आहे. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्ट, मधे प्लॅटिनमचा थर दिलेलं सिरॅमिक. सुमारे ३०० अंशांच्या वर तापला की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार व्होल्टेज देतो. गंमत ही की लॅम्ब्डा १ च्या, म्हणजे इंधनाला नेमकी पुरेल इतकी हवा (पेट्रोलसाठी वजनाने १ भागाला १४.७ भाग) असते त्याच्या आसपास हे व्होल्टेज एकदम उडी मारतं. जरा रिच झालं की ०.८ च्या पुढे, जरा लीन (पेट्रोल कमी) की ०.२ च्या खाली. ईसीएम फक्त एवढंच बघतो की आपण ०.४५ च्या वर आहोत की खाली. वर असलो तर पेट्रोल थोडं कमी, खाली असलो तर थोडं जास्त. स्कॅनरवर दिसलेला नाच तो हाच, आणि तो मुद्दाम आहे. कॅटकॉनमधलं (एक्झॉस्ट साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधलं) सिरियम ऑक्साइड लीन झुल्यात ऑक्सिजन साठवतं आणि रिच झुल्यात सोडतं. तो झोका थांबला तर कॅटकॉनचं काम बिघडतं.

एलएसयूची रचना निराळी. आत तसाच एक झिर्कोनियाचा सेल आहे, पण त्याला कायम ४५० मिलिव्होल्टवर ठेवण्यासाठी दुसरा एक पंप सेल ऑक्सिजन आत-बाहेर ढकलतो. त्या पंपाला किती करंट लागला यावरून मिक्स्चर नेमकं किती रिच किंवा लीन आहे ते कळतं. हे मोजायला कंट्रोलर लागतो, आणि सेन्सर ७८० अंशांच्या आसपास स्थिर ठेवायलाही.

आता तुमचा बेत बघा. इतका अचूक आकडा मिळवायचा, मग त्याचं पुन्हा खोटं ०.१ ते १.१ व्होल्ट करायचं आणि ईसीएमला द्यायचं. साखर किती चमचे हे बरोबर सांगणाऱ्या माणसाला शेवटी "गोड" किंवा "अगोड" एवढंच बोलायची मुभा. ईसीएमच्या हाती नवीन काहीच पडत नाही. अ‍ॅव्हरेज नाही, पिकअप नाही.

उलट तोटा संभवतो. एलसी-२ ची पिवळी तार मूळ सेटिंगमध्ये १५ ला ०.१ व्होल्ट आणि १४ ला १.१ व्होल्ट देते, मधे सरळ रेघ. म्हणजे ०.४५ येतात १४.६५ ला. इथवर उत्तम. पण दादा म्हणतात तो अर्थचा १०० मिलिव्होल्टचा फरक आला की तोल ०.१ ने सरकला, म्हणजे लॅम्ब्डात ०.७ टक्के. ऐकायला किरकोळ. पण कॅटकॉन सीओ, एचसी आणि नायट्रोजन ऑक्साइड तिन्ही एकदम साफ करतो ती पट्टीच मुळी टक्काभर रुंद असते.

शिवाय आउटपुटवर सरासरीचं फिल्टरिंग जास्त ठेवलंत तर ईसीएमला सेन्सर म्हातारा झाल्यासारखा वाटतो, आणि पी०१३३ येतो.

माझं मत: मूळ सेन्सर जिथे आहे तिथे राहू द्या. हेडरवर दुसरा नट वेल्ड करून घ्या आणि वाइडबँड फक्त तुमच्या डोळ्यांसाठी वापरा. तुम्हाला हवी आहे ती माहिती फुल रेसची. तिथे ईसीएम सेन्सरकडे बघतच नाही, टेबलमधला आकडा आणि आधी शिकलेली सुधारणा यांवर चालतो. तुमच्या ०.८८ चा अर्थ १३ असू शकतो, १२ असू शकतो. त्या भागात मूळ सेन्सरचं व्होल्टेज मिक्स्चरइतकंच त्याच्या स्वतःच्या तापमानावरही हलतं.

काटकसर

मधुराताई, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण एक फायदा तुम्ही सांगितलाच नाही. कंट्रोलर लॅपटॉपला जोडून पिवळ्या तारेचा आकडा बदलता येतो ना? तो १५.५ ला सरकवला तर ईसीएम बिचारा १५.५ लाच १४.७ समजून गाडी लीन चालवेल. पेट्रोलचे भाव बघता हेच तर खरं कारण असायला हवं वाइडबँड लावायचं!

मधुरा_कॅल

काटकसरसाहेब, येतं बदलता. आकडेमोड करून बघू. १४.७ वरून १५.५ म्हणजे तेवढ्याच हवेत पाच टक्क्यांच्या आसपास कमी पेट्रोल. पण ताकदही घटते, तेवढाच वेग राखायला पाय जास्त दाबता. उरतं ते त्याहून बरंच कमी.

मोबदल्यात काय जातं? एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन शिल्लक राहिला की कॅटकॉनला नायट्रोजन ऑक्साइड फोडता येत नाहीत, ते सरळ बाहेर. पीयूसीला पेट्रोल गाडीचे नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत हे खरं. पण बीएस-४ पासूनच्या गाड्यांना २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्ब्डा बघतात आणि मर्यादा १ च्या इकडेतिकडे ०.०३ आहे. १५.५ म्हणजे १.०५. अशी गाडी नापास.

त्याहून वाईट म्हणजे ईसीएम ती पाच टक्क्यांची कपात "गाडीची सवय" म्हणून लक्षात ठेवतो आणि पुष्कळ ईसीएम तीच फुल रेसलाही लावतात. जिथे इंजिनला थंडावा म्हणून रिच हवं तिथेच तुम्ही पेट्रोल काढून घेतलंत. घाटात एसी लावून, चार माणसं बसवून चढताना नॉक होईल (मिक्स्चर अवेळी पेटून इंजिन ठोके देईल).

लीन बर्न खोटं नाही. होंडाने अमेरिकेत १९९२ च्या सिव्हिक व्हीएक्समध्ये ते केलं होतं, पाच तारांचा एनटीकेचा वाइडबँड सेन्सर कंपनीनेच लावून. पण त्या इंजिनात कमी आरपीएमला एक इनटेक व्हॉल्व्ह जवळजवळ बंद राहून आत भोवरा तयार होई, म्हणून इतकं पातळ मिक्स्चर नीट पेटे. आणि कॅलिफोर्नियाला जाणारी व्हीएक्स तरीही वेगळी बनवावी लागली, तिथले नायट्रोजन ऑक्साइडचे नियम कडक म्हणून. जी१३ मध्ये तो भोवरा आणणार कुठून?

काटकसर

म्हणजे थोडक्यात गरिबाने पेट्रोल जाळत बसायचं. असो.

ग्रीसचेहात

काटकसरराव, टायरमध्ये हवा भरा आणि एअर फिल्टर बदला. सेन्सरला फसवण्यापेक्षा स्वस्त पडतंय.

ओहायोकर

मूळ सेन्सर काढणं नेहमीच वेडेपणा नसतो, एवढं सांगायला लॉगिन केलं. माझ्याकडे १९९१ ची माझदा मियाटा आहे, मेगास्क्वर्ट ईसीयूवर (ईसीएमच, पण स्वतः ट्यून करता येणारा). तिच्या मूळ सेन्सरला एकच तार, हीटरच नाही, त्यामुळे रेझिस्टरची भानगड नाही. मूळ सेन्सर काढला, त्या जागी एलएसयू, आणि ० ते ५ व्होल्टची तार थेट ईसीयूला. नक्कल वगैरे काही नाही. ईसीयूला खरा आकडा समजतो, त्यामुळे तो फुल रेसलाही १२.८ की १३.२ हे बघून टेबल सुधारायला मदत करतो. लॅपटॉपवर लॉग घेऊन घरी बसून दुरुस्त करायचं, हिवाळ्यात दुसरं काम तरी काय असतं इथे.

म्हणजे बोरघाट यांनी पुढेमागे स्पीडुइनो किंवा तसला स्वतः ट्यून करायचा ईसीयू बसवायचं ठरवलं, तर मूळ सेन्सर काढणं योग्यच. कंपनीच्या ईसीएमसोबत मात्र मधुराताईंशी सहमत.

एक सूचना. किट सेकंडहँड आहे ना? वाइडबँड सेन्सर एक्झॉस्टमध्ये लावून त्याला पॉवर न देता गाडी चालवली असेल तर त्यावर काजळी बसून तो खराब झालेला असतो. आधीच्या मालकाने गेज काढून सेन्सर तसाच ठेवला होता का, ते विचारा.

बोरघाट

सगळ्यांचे आभार. दुसरा नट लावायचं ठरतंय. ओहायोकर, मित्राने काढतानाच सगळं एकत्र काढलं होतं, त्यामुळे बहुधा ठीक असेल.

अजून एक शंका. आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे. इथेनॉलला हवा कमी लागते म्हणतात. मग गेजवर १४.७ दिसलं तर ते बरोबर की मला १३.५ दिसायला हवं? आणि समजा कुणी नक्कलवाली तार वापरलीच, तर ती १३.५ ला आणायची का?

मधुरा_कॅल

फार चांगला प्रश्न, आणि यात भलेभले गोंधळतात.

नुसत्या पेट्रोलचं प्रमाण १४.७, नुसत्या इथेनॉलचं ९, आणि ई२० चं साधारण १३.५. पण सेन्सर प्रमाण मोजतच नाही. जळून झाल्यावर ऑक्सिजन उरला की कमी पडला एवढंच तो मोजतो, म्हणजे लॅम्ब्डा. गेज त्या लॅम्ब्डाला १४.७ ने गुणून दाखवतो, टाकीत काय आहे त्याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे ई२० वर लॅम्ब्डा १ असताना प्रत्यक्षात १३.५ असलं तरी गेजवर १४.७ च दिसणार, आणि तेच बरोबर. नक्कलवाल्या तारेला हात लावायचा नाही. ती १३.५ ला नेलीत तर लॅम्ब्डा ०.९२ झाला. गाडी कायम रिच, अ‍ॅव्हरेज खड्ड्यात.

म्हणून गेज लॅम्ब्डावर ठेवा आणि १४.७ विसरून जा.

ई२० चा परिणाम बघायचाच असेल तर स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीएमने शिकलेली पेट्रोलची सुधारणा) बघा. निव्वळ पेट्रोलच्या मानाने तो सात-आठ टक्के वर गेलेला दिसेल. क्रूझिंगला ईसीएम हे सांभाळून घेतो. फुल रेसला किती सांभाळतो ते तुमचा नवा सेन्सर सांगेल, आणि माझ्या मते या जुन्या गाड्यांत वाइडबँड लावायचं सगळ्यात सबळ कारण आज तेच आहे.

ग्रीसचेहात

नट लावताना: हेडर गाडीवरनं उतरवून आर्गॉन वेल्डिंग करा. गाडीवरच करायचा हट्ट असेल तर बॅटरी आणि ईसीएमचा कपलर दोन्ही काढा. वेल्ड करताना नटात जुना खराब सेन्सर फिरवून ठेवा, नाहीतर उष्णतेनं आटे वाकतात आणि मग एलएसयू अर्ध्यावर अडकतो. जागा चारही पाइप एकत्र येतात त्याच्या पुढं, कॅटकॉनच्या आधी. घड्याळाच्या दहा ते दोनच्या मध्ये बसवा, निदान दहा अंश तरी वर कललेला. सकाळी गाडी सुरू केल्यावर पाइपात पाणी साचतं, ते तापलेल्या सिरॅमिकवर उडालं की तडा गेलाच म्हणून समजा. आवळायचं ४० ते ६० न्यूटन मीटर. ग्रीस फक्त आट्यांना, टोकाला बोट पण लावू नका. आणि गॅस्केटला साधा सिलिकॉन थापणाऱ्या मिस्त्रीला लांब ठेवा, त्याच्या वाफेनं दोन्ही सेन्सर मरतात.

हीटरला थेट १२ व्होल्ट देऊन "चालतो का बघू" असं करू नका. तो साडेसात व्होल्टचा आहे. कंट्रोलर हळूहळू चढवतो म्हणून टिकतो.

बोरघाट

झालं काम. नट लावून घेतला, सेन्सर मोकळ्या हवेत धरून कॅलिब्रेशन केलं आणि मगच बसवला. मूळ सेन्सर जागच्या जागी, लाइट वगैरे काही नाही.

सुरुवातीला आयडलिंगला लॅम्ब्डा १.०६ दाखवत होता आणि स्कॅनरवर ट्रिम मात्र वर वर चढत होता. हेडरच्या फ्लँजजवळ हात नेला तर फुसफुस जाणवली. गॅस्केट बदललं तेव्हा आकडा १ च्या भोवती झुलायला लागला. तिसऱ्या गिअरमध्ये फुल रेस: ३००० ला ०.९०, ४५०० च्या पुढे ०.९४. हे काळजीचं आहे का?

मधुरा_कॅल

गळतीतून एक्झॉस्टच्या झोक्याबरोबर बाहेरची हवा आत ओढली जात होती. ती दोन्ही सेन्सरना दिसत होती, आणि ईसीएम विनाकारण पेट्रोल वाढवत होता. म्हणजे हेडर लावल्यापासून तुमची गाडी प्रत्यक्षात रिच चालली असणार. आता आठवडाभर चालवा, ट्रिम खाली येऊ द्या, आणि मग फुल रेसचं रीडिंग परत घ्या. आत्ताचा ०.९४ त्या फुगलेल्या ट्रिमसकटचा असू शकतो, म्हणजे खरा आकडा आणखी लीन निघेल.

बिनटर्बोच्या इंजिनाला पूर्ण ताकदीसाठी ०.८५ ते ०.९० बरं. ०.९४ ने पिस्टन लगेच वितळत नाही. पण वर जाताना लीन होत जाणं म्हणजे पेट्रोल पुरत नसल्याची शंका घ्यायला जागा आहे. फ्युएल फिल्टर किती जुना आहे? ग्रीसदादा, प्रेशर बघायला सांगा त्यांना.

ग्रीसचेहात

फिल्टर आणि पंपाची जाळी आधी. प्रेशर गेज लावूनच फुल रेस द्या, आयडलिंगला सगळेच पंप शहाणे असतात.

सीएनजीवाला

धागा वाचून आशा वाटली. माझ्या वॅगन आरला बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आहे. पेट्रोलवर मस्त, सीएनजीवर चेक इंजिन. वाइडबँड लावला तर दोष कळेल का? सीएनजीचं प्रमाण १७ च्या वर असतं ना?

मधुरा_कॅल

१७.२ च्या आसपास, पण ई२० चाच न्याय इथेही: गेज लॅम्ब्डावर ठेवा, दोन्ही इंधनांना १ म्हणजे १. सीएनजीवर क्रूझिंगला आकडा १ भोवती झुलत असेल तर किटचं ट्युनिंग ठीक आहे आणि दोष दुसरीकडे शोधा. तो १.०५ च्या पुढे अडकून बसत असेल आणि ट्रिम वरच्या टोकाला गेला असेल, तर ईसीएम जास्त गॅस मागतोय पण किट देत नाही. रिड्यूसरचं (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचं) प्रेशर, गॅस फिल्टर आणि किटचं कॅलिब्रेशन या क्रमाने बघा. रीडिंग गाडी गॅसवर पलटल्याबरोबर घेऊ नका, रिड्यूसर पुरता तापेपर्यंत आकडे कसेही येतात.